गेमचं कुलूप: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मार्कर पेनने नाव लिहिलेली सीडी आणि नोटपॅडच्या फाइलमधला सीरियल नंबर. अमरावती-अकोल्यातल्या एका पिढीने कॉम्प्युटर गेम असेच खेळले. आता सीडी गेली, डाउनलोड आलं. नक्कल होऊ नये म्हणून कंपन्या घालतात ते कुलूप, म्हणजे डीआरएम, मात्र आणखी कडक झालं. त्यावर दोन्ही बाजूंनी ठासून बोललं जातं, म्हणून खरं-खोटं निवडून घेऊ.

गैरसमज १: क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप तोडलेल्या, गेममुळे कोणाचं काही बिघडत नाही.

वस्तुस्थिती: बिघडतं, आणि सुरुवातीलाच जास्त. ‘डेनुवो’ हे कुलूप वापरणाऱ्या गेमच्या कमाईवर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गेम बाजारात आल्याआल्या कुलूप तुटलं, तर सरासरी २० टक्क्यांच्या आसपास महसूल बुडतो. बारा आठवड्यांनंतर तुटलं, तर तोटा जवळपास शून्य. म्हणजे कुलुपाला अर्थ आहे, पण पहिले तीन महिने.

गैरसमज २: कुलुपाचा त्रास फक्त चोराला होतो.

वस्तुस्थिती: चोराच्या हाती येते ती कुलूप काढलेलीच प्रत. त्रास होतो पैसे मोजणाऱ्याला. २००८ मध्ये ‘स्पोर’ हा गेम फक्त तीनदा ॲक्टिव्हेट करता येत होता. गिऱ्हाइकं चिडली, तेव्हा कंपनीने मर्यादा पाचवर नेली. नक्कल थांबली नाहीच. त्या वर्षी सर्वाधिक नक्कल झालेल्या गेममध्ये तो होता. मार्च २०१० मध्ये ‘असॅसिन्स क्रीड २’ काढणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि तो विकत घेतलेले अनेक जण खोळंबून राहिले, कारण तो गेम सतत इंटरनेट मागत होता.

हे आपल्याला परकं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात हिंसाचारानंतर संचारबंदी लागली, इंटरनेटही बंद झालं. अशा दिवसांत घरात अडकलेल्या पोराने रीतसर घेतलेला, सतत नेट मागणारा गेम उघडत नाही; क्रॅकवाल्याचा उघडतो. लाइन गेली की राउटर बंद पडतो. लॅपटॉपची बॅटरी शाबूत असली तरी खेळ तिथेच संपतो.

गैरसमज ३: कुलूप नसेल तर धंदा बुडेल.

वस्तुस्थिती: पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २०१५ मध्ये ‘द विचर ३’ आपल्या जीओजी या दुकानातून कुलुपाविना विकला. तो जगातल्या सर्वाधिक खपलेल्या गेममध्ये जाऊन बसला.

गैरसमज ४: विकत घेतला म्हणजे गेम आपला झाला.

वस्तुस्थिती: बहुतेक वेळा आपण फक्त खेळण्याचा परवाना घेतो. २०१४ मध्ये आलेल्या ‘द क्रू’चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि एकट्याने खेळायची सोयही गेली. ज्यांच्याकडे डिस्क होती, त्यांचाही गेम सुरू होईना. कॅलिफोर्नियात २०२५ पासून विक्रेत्याला हे परवान्याचं वास्तव आधीच सांगावं लागतं.

गैरसमज ५: घरी खेळायला क्रॅक चालतो; कायदा त्याकडे बघत नाही.

वस्तुस्थिती: कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार चोरीचा प्रोग्राम जाणूनबुजून वापरणंही गुन्हा आहे. ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापरला नसेल तर न्यायालय कैद टाळून फक्त दंड करू शकतं. शिवाय क्रॅक चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. त्याच कॉम्प्युटरवर घरच्यांचं बँकेचं काम चालतं, हे विसरू नका.

गैरसमज ६: स्वतःच्या गेमची जादा प्रत काढणंही गुन्हाच.

वस्तुस्थिती: रीतसर घेतलेला प्रोग्राम हरवला किंवा खराब झाला तर हाताशी असावा म्हणून प्रत काढून ठेवायला कलम ५२ मुभा देतं. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ कुलूप तोडण्याला शिक्षा सांगतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तेव्हा.

म्हणून गेम घेण्याआधी दोन गोष्टी बघा. स्टीम या ऑनलाइन दुकानात गेमच्या पानावर बाहेरचं डीआरएम असल्याची नोंद असते, ती वाचा. ऑफलाइन खेळता येतो का, हेही तपासा. कंपन्यांकडे मागणी एवढीच: पहिले काही महिने कुलूप ठेवा, मग काढा, आणि अट विकतानाच सांगा. गेम बनवणाऱ्याला त्याच्या कष्टाचा दाम मिळालाच पाहिजे, आणि तो दाम मोजणाऱ्याची गैरसोय चोरापेक्षा जास्त होता कामा नये.