कोंडलेला विद्युतभार

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विजेवर लिहावे, हे वाचकांना थोडे धाडसाचे वाटेल. पण या विषयाने माझ्या घरातच प्रश्न उभा केला, म्हणून हा खटाटोप.

आमचे गाव केळझर, नागपूर-वर्धा रस्त्यावरचे, गणपतीच्या मंदिरामुळे अनेकांना परिचित असलेले. माझी आई तेथे आशा स्वयंसेविका आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ती घरोघर फिरत असे. तिच्याजवळ एन-९५ जातीच्या दोनच मुखपट्ट्या होत्या. रोज रात्री ती त्यांतली एक साबणाने धुई आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घाली. मुखपट्टी नव्यासारखी दिसे. प्रत्यक्षात तिच्यातील मोलाची गोष्ट धुतली गेलेली असे.

ती गोष्ट म्हणजे विद्युतभार. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे हिंडतात, त्यामुळे भार कोठेही दिला तरी तो लगेच पसरतो. प्लॅस्टिक, मेण, काच हे रोधक पदार्थ. त्यांत आलेला भार आल्या जागीच अडकतो. प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या कोठे तुटलेल्या, कोठे अस्ताव्यस्त, तर कोठे परक्या अणूंनी बिघडलेल्या असतात. अशा जागा म्हणजे भाराचे सापळे. पाऊस थांबल्यावर आपल्या काळ्या वावरातील खोलगट जागी पाणी साचून राहते, तसेच हे. सापळ्यातून सुटायचे तर काठ चढावा लागतो. ते बळ उष्णता देते. नेहमीच्या तापमानाला ते अपुरे पडते, म्हणून भार वर्षानुवर्षे टिकतो.

अशा पदार्थाला 'इलेक्ट्रेट' हे नाव ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८५ मध्ये सुचवले. पुढे जपानच्या मोतोतारो एगुची यांनी मेण व राळ वितळवून, प्रबळ विद्युतक्षेत्रात थंड करून, तो १९२० च्या सुमारास प्रत्यक्ष बनवला. १९६२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सेसलर व वेस्ट यांनी भारित प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यापासून मायक्रोफोन तयार केला. पुढे कोट्यवधी टेलिफोनांत याच जातीचे मायक्रोफोन बसले.

मुखपट्टीच्या मधल्या थरात पॉलिप्रॉपिलीनचे अतिसूक्ष्म तंतू असतात. त्यांत असाच भार कोंडलेला असतो. तंतूंमधल्या फटींतून सहज निसटले असते असे कण तो ओढून धरतो आणि श्वासाला अडथळाही वाढत नाही. साबणाचे रेणू मात्र तंतूंवर पसरून हा भार निष्प्रभ करतात. मद्यार्कानेही तेच होते. चाळणी शाबूत राहते, ओढ जाते.

आपल्या कापसाचे तंत्र निराळे. तो हवेतील ओलावा शोषतो, त्या ओलाव्यातून भार निसटून जातो. म्हणूनच हिवाळ्यात टेरिलिनचा सदरा काढताना तडतडतो, खादीचा सहसा नाही. कापडी मुखपट्टी खुशाल धुवावी, तिच्यात गमावण्यासारखा भार नसतो. एन-९५ मात्र कागदी पिशवीत ठेवून, काही दिवसांच्या अंतराने आलटूनपालटून वापरावी.

हे सारे मी गेल्या दिवाळीत आईला समजावून सांगितले. सुदैवाने त्या काळात तिला काही झाले नव्हते. ती शांतपणे म्हणाली, "तवाच कोनी सांगतलं असतं, तं मी धुतलाच नसता."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून हा लेख मराठीत लिहिला.