शाळा गेली पलीकडे, कर राहिला अलीकडे

कॅलिफोर्नियात घरपट्टीचे बिल ऑक्टोबरच्या सुमारास घरी येते. पहिला हप्ता 10 डिसेंबरपर्यंत भरायचा, दुसरा 10 एप्रिलपर्यंत. बिलात सर्वांत वर मूळ कर असतो, करपात्र किमतीच्या एक टक्का. त्याखाली मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांची वसुली. आणि तळाशी घराच्या किमतीशी संबंध नसलेल्या ठरावीक रकमांची यादी. नव्या वसाहतीतले घर असेल, तर या यादीत ‘सीएफडी’ ही अक्षरे, एक क्रमांक आणि एक रक्कम बहुधा सापडतेच. रक्कम वर्षाला काही हजार डॉलरही असू शकते. माउंटन हाउस, डब्लिन, सॅन रॅमोन या भागांत भारतीयांची वस्ती मोठी आहे. तिथे घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांना हा खर्च ‘मेलो-रूस’ या नावाने लवकरच ओळखीचा होतो.

सीएफडी म्हणजे ‘कम्युनिटी फॅसिलिटीज डिस्ट्रिक्ट’. नावात डिस्ट्रिक्ट असले, तरी त्याला ना कचेरी असते ना कर्मचारी. नकाशावर आखलेली ती एक हद्द असते. हद्दीतल्या प्रत्येक मालमत्तेवर विशेष कराचा बोजा चढतो, त्या कराच्या भरवशावर कर्जरोखे विकले जातात आणि आलेल्या पैशांतून शाळा, रस्ते, पाण्याच्या वाहिन्या उभ्या राहतात. कारभार पाहते ती ज्या संस्थेने हे क्षेत्र स्थापन केले ती. कधी ती शहराची नगरपालिका असते, कधी काउंटी, आणि पुष्कळदा स्कूल डिस्ट्रिक्ट.

या व्यवस्थेचे मूळ 1978 च्या जूनमध्ये आहे. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन यांनी मांडलेला ‘प्रपोझिशन 13’ हा प्रस्ताव मतदारांनी जवळपास 65 टक्के मतांनी मंजूर केला. घरपट्टी एक टक्क्यावर बांधली गेली, घर विकले जाईपर्यंत करपात्र किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येईना, आणि स्थानिक विशेष कर लावायचा तर दोन तृतीयांश मते हवीत अशी अट आली. घरपट्टीचे उत्पन्न एका झटक्यात निम्म्याहून खाली आले. नव्या वसाहती मात्र वाढतच होत्या. त्यातल्या मुलांसाठी शाळा बांधायच्या कशा, या प्रश्नावर 1982 मध्ये सिनेटर हेन्री मेलो आणि असेंब्ली सदस्य माइक रूस यांच्या नावाचा कायदा आला.

कायद्यात एक मोठी मेख आहे. क्षेत्रात बारापेक्षा कमी नोंदणीकृत मतदार राहत असतील, तर मतदान जमीनमालक करतात, आणि तेही एकरी एक मत या हिशेबाने. म्हणजे शंभर एकर मोकळी जमीन एकाच बिल्डरची असेल, तर शंभर मते त्याचीच. दोन तृतीयांशाची अट तिथल्या तिथे पूर्ण होते. कर मात्र पुढची काही दशके भरतात ते नंतर घर घेणारे.

कॅलिफोर्नियातल्या स्कूल डिस्ट्रिक्टचा आपल्या महसुली जिल्ह्याशी काही संबंध नाही. ती निवडून आलेले मंडळ असलेली, शाळा चालवणारी स्वतंत्र संस्था असते. राज्यात अशा नऊशेहून अधिक संस्था आहेत. काही आठवीपर्यंतच्या, काही फक्त हायस्कूलच्या, तर काही दोन्ही सांभाळणाऱ्या ‘युनिफाइड’. शहराची हद्द एक आणि शाळेची दुसरीच, हे तिथे नेहमीचे आहे. मग एखाद्या वसाहतीला वाटू लागते की शेजारची स्कूल डिस्ट्रिक्ट आपल्याला जवळची आहे, किंवा आठवीपर्यंतच्या संस्थेला स्वतःचे हायस्कूल हवे असते. वस्ती असलेल्या भागातल्या 25 टक्के मतदारांनी सह्या केल्या, की हद्दबदलाचा अर्ज काउंटीच्या समितीपुढे जातो. समिती नऊ निकषांवर तो तपासते. वांशिक विभागणी वाढेल का, राज्याचा खर्च वाढेल का, मालमत्तेची वाटणी न्याय्य होईल का, हे त्यांतले काही. घरांच्या किमती वाढवणे हाच अर्जामागचा मुख्य हेतू आहे का, हेही पाहिले जाते. चांगल्या शाळांच्या हद्दीत येताच घराचा भाव चढतो, हे कायदा करणाऱ्यांना चांगले ठाऊक होते.

हद्द बदलली की साध्या कर्जरोख्यांचे काय करायचे, हे शिक्षण कायद्यातच लिहिले आहे. हस्तांतरित भागात एकही सरकारी शाळा नसेल, तर तो भाग जुन्या संस्थेच्या कर्जातून सुटतो आणि नव्या संस्थेच्या कर्जातला वाटा उचलतो. शाळेची इमारत त्या भागात असेल, तर हिशेब वेगळा: कर्जातला प्रमाणशीर हिस्सा आणि त्या इमारतीसाठी काढलेले कर्ज, यांत जी रक्कम मोठी ती घेणाऱ्या संस्थेच्या माथी.

मेलो-रूसचे तसे नाही. शाळेची हद्द सरकली म्हणून सीएफडीची हद्द सरकत नाही. जमिनीवरचा बोजा नोंदलेला असतो, आणि हा कर ठरल्याप्रमाणे वसूल होत राहील या हमीवर गुंतवणूकदारांनी रोखे घेतलेले असतात. त्यामुळे मुले नव्या संस्थेच्या शाळेत आणि पालकांचा विशेष कर जुन्या संस्थेच्या हातात, अशी स्थिती येऊ शकते. ती टाळायची तर दोन मंडळांना एकत्र बसावे लागते. एक वाट संयुक्त कराराची: कर जुनीच संस्था गोळा करते, पण त्यातून दुसऱ्या संस्थेच्या मालकीची इमारत उभी राहते. दुसरी वाट कारभारच सोपवण्याची.

कारभार सोपवणे ऐकायला सोपे वाटते, पण त्यात बरेच काही हलवावे लागते. कोणत्या घराला किती कर, हे ठरवणारे सूत्र, विश्वस्त बँकेतले बांधकामाचे खाते आणि राखीव निधी, थकबाकीदारांविरुद्ध कोर्टात जाण्याचे दिलेले वचन, रोखेधारकांना दरवर्षी द्यायचा अहवाल. त्यात कॅलेंडरही घाई करते. स्कूल डिस्ट्रिक्टची फेररचना 1 जुलैपासून लागू होते, आणि त्या वर्षीच्या विशेष कराची यादी एरवी 10 ऑगस्टपर्यंत काउंटीकडे पोचावी लागते. मध्ये जेमतेम चाळीस दिवस. यादी चुकली, तर हजारो बिलांत ती ओळच येणार नाही, आणि रोख्यांचा हप्ता मात्र थांबणार नाही.

लॉस एंजेलिसजवळच्या वाइजबर्नमध्ये साध्या कर्जरोख्यांवरूनही अशीच ओढाताण दशकभराहून अधिक चालली. वाइजबर्न ही तेव्हा आठवीपर्यंतची संस्था होती. तिची मुले पुढे सेंटिनेला व्हॅली या फक्त हायस्कूलच्या संस्थेच्या शाळांत जात. पालकांना स्वतःचे हायस्कूल हवे होते. अडचण मुलांच्या संख्येपेक्षा जमिनीची होती. वाइजबर्नच्या हद्दीत एल सेगुंडोतल्या विमान आणि अवकाश कंपन्यांच्या महागड्या मालमत्ता येत. त्या निघून गेल्या, तर सेंटिनेलाच्या रोख्यांचा भार हॉथॉर्न, लॉन्डेल, लेनॉक्स इथल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांवर पडला असता. शेवटी राज्य विधिमंडळात खास कायदा करून आणि दोन्ही संस्थांचे संयुक्त प्राधिकरण नेमून तोडगा निघाला: वाइजबर्न वेगळे होईल, पण सेंटिनेलाची आधीची कर्जे फेडण्यात तिथल्या मालमत्तांचा वाटा कायम राहील. नोव्हेंबर 2013 मध्ये मतदारांनी भरघोस कौल दिला. नवे हायस्कूल एल सेगुंडोत, पूर्वी नॉर्थरोप कंपनीच्या असलेल्या इमारतीत भरते.

कारभार घेणाऱ्या मंडळाने आधी वाचायला हवे ते फेडीचे वेळापत्रक. कारण जुन्या मंडळाने घेतलेले निर्णयही त्याच्या पदरात पडतात. सॅन डिएगोजवळच्या पोवे युनिफाइडने 2011 मध्ये साडेदहा कोटी डॉलर उभे केले. हे मेलो-रूसचे रोखे नव्हते, पण तेही स्कूल डिस्ट्रिक्टच्या काही भागापुरत्या आखलेल्या सुधारणा क्षेत्राच्या नावावरच काढले होते. पहिली वीस वर्षे एक पैसाही फेडायचा नाही, पण शेवटी एकूण परतफेड सुमारे 98 कोटी डॉलर. गहजब झाला, आणि 2013 मध्ये राज्याने कायदा करून शाळांच्या अशा रोख्यांची परतफेड मुद्दलाच्या चौपटीवर आणि मुदत 25 वर्षांवर बांधली. पोवेचे आधीचे रोखे मात्र तसेच राहिले.

माउंटन हाउसचा इतिहास घर घेणाऱ्याला दुसऱ्या बाजूने सावध करतो. 2008 च्या मंदीत तिथल्या सुमारे 90 टक्के घरमालकांचे कर्ज घराच्या किमतीहून जास्त झाले होते. किमतीवर बसणारी घरपट्टी अशा वेळी कमी करून घेता येते. विशेष कर घराच्या किमतीवर बसत नाही, त्यामुळे भाव कोसळले तरी तो उतरत नाही. माउंटन हाउसची लॅमर्सव्हिल ही संस्थाही पूर्वी आठवीपर्यंतचीच होती आणि मुले पुढे ट्रेसीच्या हायस्कुलात जात. लॅमर्सव्हिल युनिफाइड झाली, 2014 मध्ये गावचे हायस्कूल सुरू झाले, आणि 1 जुलै 2024 रोजी माउंटन हाउस रीतसर शहर बनले. अशी प्रत्येक पायरी चढताना कोणता कर कोणाकडे जाणार, हे कागदावर नव्याने तपासावे लागते.

घर विकणाऱ्याने विशेष कराची लेखी सूचना खरेदीदाराला देणे कायद्याने बंधनकारक आहे. सूचना हातात मिळाल्यापासून तीन दिवसांत, टपालाने आल्यास पाच दिवसांत, खरेदीदाराला व्यवहारातून माघार घेता येते. यंदाचा कर, कमाल कर, तो किती वर्षे चालणार आणि दरवर्षी किती वाढू शकतो, हे त्या कागदावरून पाहून घ्यायचे. कर लावणाऱ्या संस्थेचे नाव आणि मुलाला प्रवेश देणाऱ्या शाळेच्या संस्थेचे नाव वेगळे दिसले, तर दोन्हीकडे फोन करायला हे तीन दिवस पुरतात.