भीड, बडी आणि पहिले तीस दिवस

2 ऑक्टोबर 2023, सोमवार. सकाळी साडेआठला मी सांता क्लारातल्या आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये उभी होते. टीममध्ये नवा मुलगा येणार होता आणि त्याची 'बडी' म्हणून माझं नाव लागलं होतं. मुलगा मूळचा सोलापूरचा, चार वर्षं पुण्यात नोकरी केलेला, एच-वन-बी व्हिसावर दहा दिवसांपूर्वीच बायकोसह इथे उतरलेला.

आला तो काखेत जाडजूड प्लॅस्टिकची फाइल घेऊनच. दहावीच्या मार्कलिस्टपासून मागच्या कंपनीच्या रिलीव्हिंग लेटरपर्यंत सगळं त्यात, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. एचआरच्या मुलीने आय-नाइन फॉर्मसाठी त्याचा पासपोर्ट आणि आय-94 पाहिला, पटापट नोंद केली आणि फाइल हसत परत दिली. आपल्या आयुष्यभराच्या कमाईकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, हे त्याला जरा लागलंच असावं. मला मात्र हसू आवरेना. अशीच एक फाइल माझ्याही कपाटात आहे.

त्या दिवशी त्याचं स्वागत अगदी छान झालं. टेबलावर लॅपटॉप तयार, कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट, पाण्याची बाटली. दुपारी सगळी टीम मिळून जेवायला गेलो. संगणकावर त्याच्या नावाची कामांची यादी होती. आय-नाइन, करासाठीचा डब्ल्यू-4, पगारासाठी बँकेचा तपशील, सुरक्षेचं ट्रेनिंग. सोशल सिक्युरिटी नंबर यायचा होता, पण अर्ज केलेला असला की नंबर हातात नसतानाही काम सुरू करता येतं, हे मी त्याला सांगितलं. चौथ्या दिवशी यादीतल्या सगळ्या रांगा हिरव्या झाल्या. एचआरच्या लेखी मुलगा 'ऑनबोर्ड' झाला!

मला मात्र राहून राहून आणखी एक 2 ऑक्टोबर आठवत होता. 2006 सालचा. तोही सोमवारच होता. तिकडे गांधी जयंतीची सुट्टी आणि इथे माझा नोकरीचा पहिला दिवस. कंपनी छोटी होती. मला घ्यायला यायचं कुणाच्या लक्षातच नव्हतं. दोन तास रिसेप्शनमध्ये बसून राहिले. दुपारी पार्किंगमध्ये गाडीत बसून पोळी-भाजी खाल्ली, कारण जेवायला कुठे बसायचं हे विचारायची लाज वाटली. संध्याकाळी कागदांचा एक गठ्ठा हातात मिळाला. त्यात आरोग्य विम्याचा फॉर्म होता. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. नोकरी लागली म्हणजे विमा आपोआप लागणार, अशी माझी समजूत! काही राहिलं असेल तर विचारतीलच की, असंही वाटलं.

कुणीच विचारलं नाही. नोव्हेंबरमध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी पुढच्या वर्षीचं ओपन एनरोलमेंट सुरू झालं, तेव्हा कळलं, की नव्या माणसाला स्वतःचं आणि घरच्यांचं नाव नोंदवायला 30 दिवस असतात आणि माझे ते केव्हाच उलटले आहेत. मी फॉर्म भरला. विमा 1 जानेवारीपासून लागू होणार होता. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नवरा सायकलवरून पडला आणि मनगट मोडलं. इमर्जन्सीत उपचार उत्तम झाले, पण बिल सगळं आमच्या माथी. दोन वर्षं हप्ते फेडले. सांगलीला आईला मात्र फोनवर सांगितलं, "थोडं मुरगळलंय, बाकी सगळं ठीक आहे."

म्हणून या मुलाला मी पहिल्या आठवड्यापासून विचारत होते, "काही अडचण नाही ना?" उत्तर ठरलेलं, "नाही मॅडम, सगळं ठीक आहे." मॅडम म्हणू नकोस, इथे सगळे नावाने हाक मारतात, असं सांगून पाहिलं. नाव त्याच्या तोंडात बसेना. मग ताई झाले. ताई झाल्यावरही उत्तर तेच!

आमच्या ऑफिसपासून जवळच, मिशन कॉलेज बुलेवार्डवर, इंटेलचं मुख्यालय आहे. अँडी ग्रोव्ह इंटेलमध्ये 1968 साली कंपनी स्थापन झाली तेव्हापासून होते, पुढे तिचे सीईओ झाले. तेही मूळचे बाहेरचेच. विशीत हंगेरीतून निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेले. 1983 साली आलेल्या 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' या पुस्तकात त्यांनी 'वन-ऑन-वन'वर बरंच लिहिलं आहे. वरिष्ठाने आणि हाताखालच्या माणसाने ठरावीक वेळी दोघांनीच बसून बोलायचं. माणूस कामाला नवखा असेल तर वारंवार, मुरलेला असेल तर कमी वेळा. आणि काय बोलायचं ते हाताखालच्या माणसाने ठरवायचं. नव्या माणसाला शिकवणं हे वरिष्ठाचं स्वतःचं काम आहे, असंही त्यांनी बजावलं आहे.

सगळं पटतं. पण आपल्या मुलांपुढे शेवटची अट अडते. काय बोलायचं ते तू ठरव म्हटलं, की आपला मुलगा कोरी वही घेऊन येतो. मोठ्यांना उलट विचारू नये, आपलं अज्ञान दाखवू नये, दुसऱ्याचा वेळ खाऊ नये, याच संस्कारांत आपण वाढलो. त्यात व्हिसा कंपनीच्या नावावर. प्रश्न विचारला आणि 'याला एवढंही माहीत नाही' असं कुणाला वाटलं तर? 'भीड भिकेची बहीण' ही म्हण आपल्याच भाषेतली, आणि ती विसरतोही आपणच.

27 ऑक्टोबरला, शुक्रवारी, मी त्याला म्हटलं, "चल, कॉफी घेऊ." त्याचा तो सव्विसावा दिवस होता. या वेळी प्रश्न बदलला. म्हटलं, "मी नवीन असताना विम्याचा फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवून दिला होता." आणि नवऱ्याच्या मनगटाची सगळी हकिगत सांगितली. तो ऐकत होता. कप खाली ठेवून हळूच म्हणाला, "ताई, बायकोचं नाव वेगळं टाकावं लागतं का?"

"टाकलं नाहीस?"

"ती माझ्याच व्हिसावर आहे ना, एच-फोरवर. मला वाटलं, विम्यातही येणारच."

स्वतःचा विमा त्याने पहिल्याच आठवड्यात निवडला होता. म्हणून तर यादीतली रांग हिरवी होती. बायकोचा रकाना रिकामा आहे, हे त्या यादीला कळायचा मार्गच नव्हता. मुदत मंगळवारी संपत होती. बायकोला थायरॉइडची गोळी रोजची, सोबत आणलेल्या गोळ्या डिसेंबरपर्यंत पुरणार. पुढच्या गोळ्यांसाठी इथल्या डॉक्टरची चिठ्ठी लागणार, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

कॉफी तशीच राहिली. तिथेच लॅपटॉप उघडला. बायकोचं नाव, जन्मतारीख, लग्नाचा दाखला. आणि काय सांगू, तो दाखला त्या जाड फाइलमध्येच होता! फाइल अजून ड्रॉवरमध्ये होती. स्कॅन करून अपलोड केला आणि 'सबमिट' दाबलं. तो काही बोलला नाही, फक्त चष्मा काढून पुसला. मग मात्र बांध फुटावा तसे प्रश्न आले. आजारी पडलो तर रजा कुणाला सांगायची? मीटिंगमध्ये काही कळलं नाही तर मध्येच थांबवलं तर चालतं का? साहेब पाचला निघून जातात, मग मी आठपर्यंत थांबावं का? पाऊण तास आम्ही बोलत होतो. एकही प्रश्न वेडगळ नव्हता, आणि एकाचंही उत्तर कंपनीच्या यादीत नव्हतं.

त्या दिवाळीला दोघं आमच्याकडे फराळाला आली. तिने सोलापूरची शेंगा चटणी आणली होती. डॉक्टरची पहिली भेट झाल्याचं तिनेच सांगितलं.

आपला मुलगा किंवा मुलगी इथे नव्याने रुजू झाली असेल, तर तिकडच्या आई-बाबांना एक सांगावंसं वाटतं. फोनवर "सगळं ठीक ना?" एवढंच विचारू नका. त्याला 'हो'शिवाय दुसरं उत्तर नसतं. "विम्यात दोघांची नावं घातलीस का?" असं नेमकं विचारा. मुदत किती दिवसांची, ते कंपनीच्या कागदात लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी महिनाभराचीच असते. ती चुकली, की पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत थांबावं लागतं. मध्येच लग्न किंवा बाळाचा जन्म असं काही घडलं तरच दार पुन्हा उघडतं. आणि इथल्या जुन्या मंडळींनो, नव्या माणसाला आपलं यश सांगण्याआधी आपली एखादी फजिती सांगा. समोरचा बोलू लागतो.

परवा आमच्याकडे व्हिएतनामहून एक मुलगी रुजू झाली. या वेळी बडी म्हणून माझं नाव नव्हतं, त्या सोलापूरच्या मुलाचं होतं. सकाळी रिसेप्शनवरून जाताना त्याचा आवाज कानावर आला. तो तिला इंग्रजीत सांगत होता, "मी आलो तेव्हा बायकोचं नाव घालायचंच विसरलो होतो..."