पीयूसी पास, पण दिवा पेटलेला

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात पीयूसीची गाडी उभी असते. मालक इंजिन चालूच ठेवतो, तिथला मुलगा सायलेन्सरमध्ये नळी सरकवतो, नंबरप्लेटचा फोटो काढतो आणि थोड्याच वेळात प्रमाणपत्र हातात पडतं. स्टिअरिंगमागे इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा पेटलेला असला, तरी त्याकडे कुणी वाकून पाहत नाही. नेहमीच्या पीयूसी चाचणीत त्याची विचारणाच नसते. गंमत अशी, की गाडीची प्रदूषण रोखणारी यंत्रणा बिघडली तर ते सांगण्यासाठीच तो दिवा तिथे बसवलेला आहे.

या दिव्याचा उगम कॅलिफोर्नियात आहे. १९४०च्या दशकात लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारं धुरकं पसरू लागलं. कॅलटेकमधले रसायनशास्त्रज्ञ एरी हागेन-स्मिट यांनी पुढच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं मूळ दाखवून दिलं : गाड्यांच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांची उन्हात रासायनिक प्रक्रिया होते आणि त्यातून हे धुरकं तयार होतं. मग धुराच्या मर्यादा ठरल्या, सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. पण कारखान्यातून स्वच्छ निघालेली गाडी सात-आठ वर्षांनीही तशीच आहे का, यावर लक्ष कोण ठेवणार? कॅलिफोर्नियाच्या ‘एअर रिसोर्सेस बोर्डा’ने हे काम गाडीवरच सोपवलं. तिथे १९८८च्या मॉडेलांपासून गाडीतल्या संगणकाला स्वतःच्या यंत्रणेवर नजर ठेवणं भाग पडलं. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना या पद्धतीची दुसरी, कडक आवृत्ती बंधनकारक झाली. तिचं नाव ओबीडी-२.

आपल्याकडे बीएस-४ नियम एप्रिल २०१०मध्ये १३ शहरांत लागू झाले. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर ही शहरं त्यांत होती. ओबीडीची पहिली पायरी तेव्हाच आली, दुसरी २०१३मध्ये. २०२०च्या बीएस-६ नियमांनी दुचाकींनाही हा दिवा दिला. मोटारीत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ १६ पिनांचं एक सॉकेट असतं. गॅरेजवाला ‘स्कॅनर लावून बघतो’ म्हणतो, तो याच सॉकेटला. कंपनी कोणतीही असो, सॉकेट तेच आणि प्रदूषणाशी संबंधित मूळ कोडही तेच. ‘पी ०३००’ म्हणजे इंजिन मिसिंग करतंय, ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, ‘पी ०४२०’ म्हणजे कन्व्हर्टर थकलाय.

संगणकाला धूर कसा कळतो?

गाडीत कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र नसतं. संगणक धूर मोजत नाही, आडून अंदाज बांधतो. तो कसा, हे कन्व्हर्टरच्या उदाहरणावरून नीट कळतं.

एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. कन्व्हर्टरमधले प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे धातू कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या तिघांचाही निकाल लावतात. पण हवा-पेट्रोलचं प्रमाण या आकड्याच्या अगदी जवळ राहिलं तरच. त्यासाठी कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याच्या साध्या, झिर्कोनियाच्या प्रकारात धुरात ऑक्सिजन उरला असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास दाब येतो, नसेल तर ०.९च्या आसपास. संगणक पेट्रोल किंचित कमी करतो, किंचित वाढवतो आणि या सेन्सरचा आलेख सतत खालीवर होत राहतो.

दुसरा सेन्सर कन्व्हर्टरच्या पलीकडे असतो. कन्व्हर्टरमध्ये सेरियम ऑक्साइडचा थर असतो. तो स्पंजासारखा जास्तीचा ऑक्सिजन शोषून घेतो आणि कमी पडला की परत देतो. त्यामुळे पलीकडच्या सेन्सरला हे चढउतार जाणवत नाहीत, त्याचा आलेख जवळजवळ सपाट राहतो. कन्व्हर्टर म्हातारा झाला की ही शोषणशक्ती जाते आणि मागचा आलेख पुढच्याची नक्कल करू लागतो. ही नक्कल ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की संगणक ‘पी ०४२०’ची नोंद करतो. धुराचा एक कणही न मोजता कन्व्हर्टर निकामी झाल्याचं कळतं, ते असं.

मिसिंग पकडण्याची युक्ती तर त्याहून बारीक आहे. क्रँकशाफ्टवर एक दातेरी चाक असतं. बऱ्याच गाड्यांत ते ६० दात्यांचं, त्यातले २ मुद्दाम गाळलेले. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर एका दात्यापासून दुसऱ्यापर्यंतचा वेळ भरतो सेकंदाचा तीन हजारावा भाग. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडूनही पेट्रोल पेटलं नाही, तर त्या क्षणी क्रँक किंचित मंदावतो आणि हा वेळ एवढासा वाढतो. संगणक तेवढ्यावरून कोणता सिलिंडर चुकला ते ओळखतो. अडचण येते खड्ड्यांची. चाकाला बसलेला हिसका गिअरबॉक्समधून क्रँकपर्यंत पोचतो आणि मिसिंगसारखाच दिसतो. म्हणून अनेक गाड्यांत एबीएसच्या सेन्सरकडून चाकांची धडधड कळली, की मिसिंगची मोजणी तेवढ्यापुरती थांबवली जाते.

एकदा काही चुकलं म्हणून दिवा लगेच पेटत नाही. बहुतेक दोष लागोपाठच्या दोन फेऱ्यांत दिसावे लागतात; फेरी म्हणजे गाडी सुरू होऊन तपासणीपुरती चालणं आणि बंद होणं. दोष नाहीसा झाला, तर साधारण तीन चांगल्या फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. कोड मात्र इंजिन सुमारे ४० वेळा गरम होईपर्यंत स्मृतीत राहतो. याला अपवाद लुकलुकणाऱ्या दिव्याचा. मिसिंग इतकं जोरात आहे की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय आणि त्याच्या आतली जाळी वितळू शकते, असा त्याचा अर्थ. अशा वेळी पाय हलका करावा, गाडी लवकर बाजूला घ्यावी. स्थिर पिवळा दिवा असेल तर सावकाश गॅरेज गाठायला हरकत नाही. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा मात्र इंजिन ताबडतोब बंद करा, असंच सांगत असतो.

दिवा दोष दाखवतो, गुन्हेगार भाग दाखवत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. मिश्रणात हवा जास्त असल्याचा कोड आला, तर कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइप असेल, चोंदलेला इंजेक्टर असेल किंवा बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचं बिघडलेलं ट्यूनिंगही असेल. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते, १४.७ ऐवजी सुमारे १३.५ पट. म्हणून त्याच हवेसाठी संगणकाला इंधन जास्त सोडावं लागतं. एवढी दुरुस्ती तो निमूटपणे करतो. पण आधीच कुठून तरी हवा गळत असेल, तर दोन्हींची बेरीज होऊन मर्यादा ओलांडली जाते. कोड पाहून थेट सेन्सरच बदलणारं गॅरेज म्हणूनच महागात पडतं.

उभी गाडी आणि धावणारी गाडी

आता पीयूसीकडे वळू. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांना उभ्या अवस्थेत कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन दहा लाखांत २०० भागांपर्यंत चालतं. इंजिन २,५०० फेऱ्यांपर्यंत वाढवून कार्बन मोनॉक्साइड पुन्हा बघतात, तेव्हा मर्यादा ०.२ टक्के. डिझेल गाडीत फक्त धुराचा काळेपणा. नायट्रोजनची ऑक्साइडं कुणीच मोजत नाही, आणि मोजून फारसा उपयोगही नाही. ती तयार होतात इंजिनवर भार पडून ज्वलनाचं तापमान चढतं तेव्हा. पंपावर उभ्या गाडीचं इंजिन नुसतं गुरगुरत असतं. खंबाटकी घाट चढताना ती काय सोडते, ते तिथे कळणार नाही.

डिझेलची कथा आणखी वाईट. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातल्या फरकावरून संगणकाला तो किती भरला ते कळतं, आणि मग तापमान सुमारे ६०० अंशांवर नेऊन तो काजळी जाळून टाकतो. शहरात रोज चार-पाच किलोमीटर चालणाऱ्या गाडीला एवढं तापायला वेळच मिळत नाही. दिवा पेटतो, मालक वैतागतो आणि कुणीतरी सुचवतं, ‘आतलं काढूनच टाकू, सॉफ्टवेअर मारून देतो.’ असा रिकामा केलेला फिल्टर काळेपणा मोजणाऱ्या जुन्या यंत्राला बऱ्याचदा कळतही नाही, कारण आजच्या इंजिनांची काजळी डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक असते. म्हणून नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून डिझेल गाड्यांच्या वार्षिक तपासणीत धुरातले कण मोजणारं यंत्र आणलं.

थोडक्यात, पीयूसी विचारते : या घटकेला उभ्या इंजिनातून काय निघतंय? दिवा सांगतो : गेल्या अनेक प्रवासांत प्रदूषण रोखणारे भाग काम करत होते का? दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे.

दिवा विझवणाऱ्यांसाठी तयार उत्तर

यावर कुणीही म्हणेल, की दिवा तपासायचा ठरवलं तर लोक तपासणीच्या सकाळी स्कॅनरने कोड उडवतील किंवा बॅटरीची तार काढतील. हा विचार ओबीडी-२ रचणाऱ्यांनी तेव्हाच करून ठेवलाय. कोड उडवला की संगणकाच्या सगळ्या स्वयंचाचण्यांचे निकालही पुसले जातात आणि प्रत्येकापुढे ‘चाचणी अपूर्ण’ अशी नोंद येते. ती पूर्ण व्हायला गार इंजिनापासून सुरुवात, हमरस्त्यावरचा सलग वेग, मग शहरातली थांबत-थांबत चाल असा सगळा प्रवास व्हावा लागतो. बऱ्याचदा काही दिवस जातात. कॅलिफोर्नियात २००० सालच्या आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांच्या ‘स्मॉग चेक’मध्ये मुख्यतः सॉकेटला यंत्र जोडून हेच पाहतात. टाकीतल्या वाफेच्या गळतीची चाचणी तेवढी अपूर्ण चालते, बाकी काही अपूर्ण असेल तर गाडी परत पाठवतात. शिवाय नव्या गाड्यांत एक ‘कायमचा कोड’ असतो, तो स्कॅनरने जात नाही आणि बॅटरी काढूनही जात नाही. दोष खरोखर दूर झाल्याची संगणकाची स्वतःची खात्री पटली तरच तो पुसला जातो. ब्रिटनमध्ये तर वार्षिक एमओटी तपासणीत जुलै २००३नंतरच्या पेट्रोल आणि जुलै २००८नंतरच्या डिझेल मोटारींचा हा दिवा पेटलेला आढळला, की गाडी नापास.

अर्थात संगणकावर आंधळा विश्वासही नको, कारण त्याचं सॉफ्टवेअर गाडी बनवणारी कंपनीच लिहिते. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या प्रयोगशाळेतली चाचणी ओळखून तेवढ्यापुरत्या स्वच्छ वागत होत्या. हे सप्टेंबर २०१५मध्ये उघड झालं. त्याचा धागा वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या चमूने गाडीच्या मागे उपकरण बांधून प्रत्यक्ष रस्त्यावर केलेल्या मोजणीतून मिळाला होता. भारतातही पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या तपासणीनंतर कंपनीने त्या वर्षीच्या डिसेंबरात सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याचं जाहीर केलं. एप्रिल २०२३ पासून आपल्याकडे नव्या मॉडेलांना मान्यता देताना रस्त्यावरची मोजणीही आली, तिच्यामागे हाच धडा आहे. पण ती मान्यता मॉडेलची. तुमची गाडी सहा वर्षांनी कशी आहे, याचं उत्तर त्यात नाही.

म्हणून नळी आणि सॉकेट, दोन्ही हवीत. पीयूसी केंद्रं आता ‘वाहन’ या केंद्रीय प्रणालीशी जोडलेली आहेतच. तिथे ओबीडीचं वाचक यंत्र ठेवणं ना अवघड आहे ना फार खर्चाचं. पीयूसी नसल्यास मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एवढा दंड ज्या कागदासाठी, त्या कागदाने गाडीची खरी अवस्था सांगायला हवी. खासगी मोटारीला आरटीओत पासिंगसाठी पंधरा वर्षांनी जावं लागतं. मधल्या काळात तिच्या धुराची एवढीच एक तपासणी होते.

नियम बदलेपर्यंत दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. दिवा पेटला तर गॅरेजमध्ये आधी कोड लिहून घ्या, आणि कारण न शोधता तो उडवू देऊ नका. सेकंडहँड गाडी घेताना इंजिन सुरू करण्याआधी नुसती चावी फिरवून पाहा : हा दिवा पेटलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो पेटत नसेल, तर त्याला कुणीतरी गप्प केलेलं असण्याची दाट शक्यता आहे. मग स्कॅनर लावून ‘चाचणी अपूर्ण’च्या नोंदी किती आहेत ते विचारा. विकणारा त्याला तयार नसेल, तर ती गाडी घेऊ नका.