वीस मिनिटांचा कोरिया

रोटरी क्लबच्या सभेत पाहुण्या वक्त्याच्या वाट्याला साधारण वीस मिनिटं येतात. घंटा झाली, जेवण झालं, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सूचना आटोपल्या की अध्यक्ष माइक पुढे करतात. अमेरिकेतल्या गावोगावच्या सेवा क्लबांमध्ये कोरियन विद्यार्थी आणि अभ्यासक एवढ्याच वेळात आपला देश सांगत आले आहेत. त्याचा मागोवा घेतला तर कोरिया किती बदलला हे दिसतं. त्याहून जास्त दिसतं ते ऐकणारे किती बदलले हे.

या प्रथेमागे एक योजना होती. शिकागोत १९०५ मध्ये रोटरी सुरू करणारे पॉल हॅरिस जानेवारी १९४७ मध्ये वारले. त्यांच्या स्मरणार्थ जमलेल्या देणग्यांनी रोटरी फाउंडेशनच्या कामाला जोर आला आणि त्याच वर्षी १८ विद्यार्थी परदेशी शिकायला गेले. पुढे ही शिष्यवृत्ती ‘अँबॅसेडोरियल स्कॉलरशिप’ म्हणून ओळखली गेली. रोटरीयनांच्या मुलानातवंडांना ती मिळत नसे. परक्या गावात विद्यार्थ्याची विचारपूस करायला यजमान क्लबातला एक सदस्य नेमलेला असे, आणि विद्यार्थ्याने क्लबाक्लबांत जाऊन आपल्या देशाविषयी बोलावं अशी अपेक्षा असे. जपानच्या सादाको ओगाता याच वाटेने १९५१ मध्ये अमेरिकेत गेल्या आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्त झाल्या.

कोरियाला रोटरी नवी नव्हती. सोलमध्ये १९२७ साली, जपानी अंमलातच क्लब निघाला होता. पण पन्नाशीच्या दशकात अमेरिकी श्रोत्यांपुढे कोरियन पाहुणा उभा राहिला की त्यांना आठवायचं ते युद्ध. तिथे लढून आलेले लोकही गावागावांत होते. जुलै १९५३ मध्ये युद्धबंदी झाली, देश दुभंगलेलाच राहिला. कोरियाचं नाव मराठी घरांत शिरलं तेही याच सुमारास. युद्धकैद्यांची देखरेख करायला गेलेल्या भारतीय तुकडीचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. त्या पिढीच्या कोरियन विद्यार्थ्याला आधी आभार मानावे लागत, मग गावाकडचं सांगता येई. १९६२ मध्ये चुंगजू गावचा एक शाळकरी मुलगा रेडक्रॉसच्या कार्यक्रमातून अमेरिकेत गेला, सॅन फ्रान्सिस्कोजवळ एका कुटुंबात राहिला आणि व्हाइट हाउसमध्ये केनेडींना भेटला. तो मुलगा म्हणजे पुढे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले बान की-मून. मदत घेणाऱ्या देशाचा मुलगा जगापुढे कसा उभा राहतो, याची ती सुरुवातीची झलक होती.

१९६६ ते १९८१ या काळात ये-जा उलट दिशेनेही झाली. ‘पीस कोअर’चे अमेरिकी स्वयंसेवक कोरियातल्या शाळांत आणि दवाखान्यांत राबले. येसानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या कॅथलीन स्टीव्हन्स २००८ मध्ये सोलला अमेरिकेच्या राजदूत म्हणून परतल्या. लॉरेल केंडल यांच्यासारखे काही जण कोरियाचे नामांकित अभ्यासक झाले. ही माणसं मायदेशी परतली तेव्हा कोरियन पाहुण्याचं बोलणं समजून घेणारं कुणीतरी श्रोत्यांतही आलं.

१९८८ चं सोल ऑलिंपिक आणि पाठोपाठ १९८९ मध्ये तिथेच भरलेलं रोटरीचं जागतिक अधिवेशन, यांनी चित्र पालटलं. आता देश उद्ध्वस्त नव्हता, देखणा होता. मग कार्यक्रमाचा एक साचाच ठरला: हानबोक हा पारंपरिक पोशाख घातलेली मुलगी, किमचीची बशी, पंख्यांचं नृत्य. हा साचा सोयीचा, पण फसवा. मोठ्या रंगीत पंख्यांनी फूल उमलवणारं ते नृत्य प्राचीन वाटतं. प्रत्यक्षात ते किम बेक-बोंग या नृत्यांगनेने १९५४ मध्ये, युद्धाच्या राखेत बसवलं. हे सांगणारा वक्ता नुसत्या नाचापेक्षा कितीतरी जास्त सांगून जातो. कारण मग प्रश्न येतो: एवढ्या पडझडीत कुणाला नाच सुचला कसा?

लिपीचंही तसंच. हंगुलमध्ये सदस्यांची नावं कार्डांवर लिहून देणं हा अशा कार्यक्रमांचा हमखास टाळ्यांचा भाग. पण राजा सेजोंगने १४४३ मध्ये सिद्ध केलेल्या या लिपीत ‘ग’चं अक्षर म्हणजे टाळूकडे उचललेल्या जिभेच्या मुळाची आकृती, आणि ‘म’ म्हणजे तोंडाचा चौकोन, हे दाखवलं की श्रोता स्वतःच ‘ग’ म्हणून जीभ तपासायला लागतो. कंठ्य-तालव्य-ओष्ठ्य असे वर्ग पाठ केलेल्या मराठी माणसाला तर हे घरचंच वाटावं.

एकविसाव्या शतकात संख्या वाढली. २००८-०९ मध्ये अमेरिकेत सुमारे ७५ हजार कोरियन विद्यार्थी होते. भारत आणि चीनच्या खालोखाल. त्याच वर्षी रोटरीचं जागतिक अध्यक्षपद सोलच्या डी. के. ली यांच्याकडे होतं. आणि इथे काळाने गंमत केली. २०१२ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ या कोरियन गाण्याने यूट्यूबवर शंभर कोटी वेळा पाहिलं जाण्याचा टप्पा पहिल्यांदा गाठला, आणि २०१३ मध्ये रोटरीने आपली जुनी शिष्यवृत्ती गुंडाळून ग्लोबल ग्रँटची पद्धत आणली. तिच्यात पाणी, आरोग्य, शांतता अशा ठरावीक विषयांतल्या उच्च शिक्षणाला पैसे मिळतात. देशाचा दूत होण्यावर पूर्वीइतका भर नाही. कोरिया घराघरांत पोहोचला आणि कोरिया समजावून सांगण्याची जबाबदारी कागदावरून उतरली.

मग आता त्या वीस मिनिटांचं काम काय? ‘पॅरासाइट’चं ऑस्कर, ‘स्क्विड गेम’, हान कांग यांचं २०२४ चं नोबेल यानंतर श्रोते आधीच तयार असतात. त्यांच्या नातीला गाणी पाहुण्यापेक्षा जास्त पाठ असतात. आपल्याकडेही दूरदर्शनने ‘देजांगगुम’ ही कोरियन मालिका दाखवली त्याला बराच काळ लोटला. रांजणगाव, तळेगाव, माणगाव परिसरात कोरियन कारखाने आले आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेत शिकवता येतील अशा परदेशी भाषांत कोरियनचंही नाव घेतलं.

तरीही पडद्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. नोव्हेंबरातल्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजी ऐकण्याच्या पेपरावेळी विमानांची उड्डाणं का थांबवतात, २०२३ मध्ये जननदर स्त्रीमागे ०.७२ मुलांवर का घसरला, उत्तरेत राहिलेल्या आजोबांच्या भावाचं घरात नाव निघतं का, याची उत्तरं गाण्यांत सापडत नाहीत. ती समोर बसलेला माणूसच देतो, कधी अडखळत, कधी आपल्याच देशाशी भांडत. हानबोक आणि किमची आता कुणीही मागवू शकतं. म्हणून क्लबांनी पाहुण्याला जेवणानंतर वीस मिनिटं द्यावीत, आणि त्यातली दहा प्रश्नांसाठी राखून ठेवावीत.