निपाणकर सरलष्कर आणि कंपनीची दोस्ती

निपाणीचे देसाई सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर हे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे दक्षिणेतले बडे सरदार. इंग्रजी कागदांत त्यांचा उल्लेख ‘आप्पा देसाई’ असा येतो. ‘सरलष्कर’ हा त्यांचा किताब, आणि निपाणीचा भुईकोट हे त्यांचं ठाणं.

३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह करून गादी सोडावी लागलेल्या बाजीरावाने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची फौज जवळ केली. त्याला पुन्हा गादीवर बसवायला कंपनीचा जनरल वेलस्ली दक्षिणेतून पुण्यावर निघाला, तेव्हा पेशव्यांचे सरदार बापू गोखले आणि निपाणकर आपापली पथकं घेऊन त्याला मिळाले. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंदे-भोसल्यांशी गाठ पडली. केळणा नदीच्या एका काठाला वेलस्लीची पायदळं तोफांच्या माऱ्यात कापली जात होती. पेशव्यांचे स्वार मात्र म्हैसूरच्या स्वारांसह दुसऱ्या काठाला उभे राहून शत्रूच्या घोडदळावर नजर ठेवून होते. मराठ्यांची सत्ता खिळखिळी करणाऱ्या लढाईत मराठी स्वार कंपनीच्या बाजूला होते, हे विसरून चालणार नाही. तरीही त्या वेळच्या त्यांच्या वागण्याला फितुरी म्हणता येत नाही. धन्याचाच तसा हुकूम होता.

पुढची वर्षं कोल्हापूरकरांशी झगडण्यात गेली. वाद चिकोडी आणि मनोळीचा. १८१२ च्या तहात इंग्रजांनी मध्यस्थी केली आणि कोल्हापूरकरांना या दोन्ही तालुक्यांवरचा हक्क सोडावा लागला.

खरी परीक्षा १८१७ साली झाली. बाजीराव कंपनीवर उठला. बापू गोखले त्याच्यासाठी लढले आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला पडले. निपाणकरांनी मात्र पेशव्यांच्या बाजूने जीव ओतून लढाई केली नाही. एप्रिलमध्ये कंपनीचा सेनानी मन्रो याने बेळगावचा किल्ला घेतला. निपाणीची जहागीर राहिली, पण चिकोडी-मनोळी काढून इंग्रजांच्या बाजूला राहिलेल्या कोल्हापूरकरांना देण्यात आली. पुढे कोल्हापूरशी बिनसल्यावर कंपनीने तीही परत घेतली.

परक्या सत्तेच्या बाजूने उभे राहिलेले असे सेनानी वसाहतीच्या राज्यात अनेक ठिकाणी झाले. कोरियाचा होंग सा-इक जपानी सैन्यात लेफ्टनंट जनरल झाला आणि १९४६ साली मनिलात फाशी गेला. त्याच्या काळात देश ही कल्पना ठाम झालेली होती. निपाणकरांपुढे होतं वतन, आणि त्यांचा निवाडा करताना हा फरक धरलाच पाहिजे.

पण वतनही टिकलं नाही. शेजारच्या कित्तूरचं दत्तक १८२४ साली कंपनीने नाकारलं होतं आणि राणी चन्नम्मांना हत्यार उचलावं लागलं होतं. निपाणीलाही औरस वारस नव्हता. १८३९ मध्ये सिद्धोजीराव वारल्यावर जहागीर खालसा झाली. १८४१ साली अरब शिबंदीने किल्ला बळकावून बंड केलं. बेळगावहून आलेल्या पलटणींनी ते मोडलं आणि निपाणी बेळगावच्या कलेक्टराच्या अमलाखाली राहिली.