पंधराशे रुपयांची जुळणी

श्रावणातला दिवस होता. रायगड उतरून मी पाचाडच्या एका खानावळीत ओल्या कपड्यांनी पिठलं-भाकरीची वाट बघत बसले होते. गल्ल्याशेजारी एक काळा कॉम्प्युटर होता. त्याच्या मागच्या बाजूला, जिथून गरम हवा बाहेर पडते तिथे, मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवला होता. कडा नीट दुमडलेल्या, वरून पत्र्याच्या पट्ट्या आणि चार कोपऱ्यांत चार स्क्रू. हे कुणीतरी वेळ देऊन केलेलं काम होतं.

"पाली शिरतात ना आत," खानावळीच्या काकू म्हणाल्या. "आमच्या इथलाच पोरगा हाय. तोच बनवून देतो कॉम्प्युटर."

जिजाऊंच्या समाधीचं, त्यांच्या वाड्याचं हे गाव. लोक येतात, समाधीपुढे हात जोडतात आणि गडाची वाट धरतात. इथे कुणी कॉम्प्युटर बनवत असेल हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. पावसाने जरा उघडीप दिल्यावर मी त्या पोराचं घर शोधत निघाले. पुढे डिसेंबरपर्यंत आणखी दोनदा गेले.

दुकान म्हणजे घराची पडवी. एक लांब टेबल, त्यावर जुनी गोधडी पसरलेली, भिंतीला खोक्यांची चळत, कोपऱ्यात डांबरगोळ्यांची पुरचुंडी. पोरगा म्हणजे पस्तिशीचा माणूस. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गावर, एका दुकानात त्याने सहा वर्षं मशिन जोडली. महाड-पोलादपूरकडच्या घराघरांतून एक तरी माणूस मुंबईला चाकरीला असतो, तसाच हाही. २०२० च्या टाळेबंदीत गावी आला तो राहिलाच. पार्ट अजून तिथूनच मागवतो. माल रात्रीच्या गाडीने महाडला उतरतो, आणि तिथून नाते, कोंझर करत पंचवीसेक किलोमीटर तो स्वतः मोटरसायकलवर आणतो. मदरबोर्डचं खोकं पाठीवरच्या बॅगेत, कॅबिनेट मागे बांधून.

"एका मशीनमागे किती सुटतात?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"पंधराशे, ताई. जुळणीचे. पार्टवर काय ठेवता येत नाय, लोक मोबाइलवर भाव बघूनच येतात."

पंधराशे. त्या दिवशी हा आकडा मी वहीत लिहून घेतला, आणि पुढे जे जे पाहिलं त्यानंतर तो पुन्हा पुन्हा उघडून बघितला.

खरं तर जुळणीला फार वेळ लागत नाही. प्रोसेसर बसवायचा, त्यावर पेस्ट आणि पंखा, रॅमच्या पट्ट्या टक् आवाज येईपर्यंत दाबायच्या, बोर्ड पितळी खुंट्यांवर ठेवून स्क्रू मारायचे, एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, वायरी जोडायच्या. सरावलेल्या हाताला तासभर पुरतो. पण त्या दिवशी त्याच्या पुढ्यात एक जुना रायझन प्रोसेसर होता, कुणाचं तरी मशिन उघडताना उपटून आलेला. या जातीच्या प्रोसेसरला खालच्या अंगाला १,३३१ पिना असतात, केसासारख्या बारीक, सोन्याचा मुलामा दिलेल्या. त्यातल्या तीन वाकल्या होत्या. त्याने शिसपेन्सिल घेतली, पुढे काढता येणाऱ्या शिश्याची, आणि आतलं शिसं काढून टाकलं. मग पेन्सिलचं रिकामं टोक पहिल्या पिनेवर अलगद टोपीसारखं चढवलं. श्वास रोखून तो इतक्या सावकाश ती उभी करत होता की पिन हलतेय हे मला दिसतच नव्हतं, नुसती तिच्यावरची चमक बदलत होती. आई आतून चहा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली. तिसरी पिन सरळ झाल्यावरच ती पुढे आली. हे थांबणं तिला कुणी शिकवलं नसणार.

त्या प्रोसेसरचे पैसे त्याने घेतले नाहीत. "जोडलं तर पंधराशे. सरळ केलं त्याचे काय घ्यायचे?"

मला हे पटलं नाही, आणि मी तसं बोलले. तो नुसता हसला.

पडवीतल्या ज्या वासाने मी पुन्हा तिथे गेले, तो टेबलाच्या डाव्या टोकाला ठेवलेल्या एका उघड्या बोर्डातून येतो. नवा रॅम किंवा नवी डिस्क आली की तो ती आधी या बोर्डावर लावून तपासतो. दहा मिनिटांत बोर्ड तापतो आणि पडवीभर चिखलाचा वास सुटतो. गाळाचा, नदीचा. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तळमजले बुडाले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. पाणी ओसरल्यावर कितीतरी दिवस महाडचे दुकानदार गोणपाटात गुंडाळलेले कॉम्प्युटर त्याच्या पडवीत आणून ठेवत होते. हा बोर्ड त्यातलाच.

"पहिलं सांगणं एकच होतं, बटन दाबू नका. पण माणूस दाबतोच हो. चालतंय का बघूया म्हणून दाबतो, आणि जे वाचणार असतं तेपण जळतं."

बोर्डावरचा सेल काढायचा. स्वच्छ पाण्याने आणि मऊ ब्रशने गाळ धुवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. पुढे सुकवणं, आणि जुलै महिन्यात कोकणात ऊन कुठून आणायचं? त्याने लाकडी पेटीत शंभर वॅटचा पिवळा बल्ब लावला आणि बोर्ड दोन-दोन, तीन-तीन दिवस त्यात ठेवले. एसएसडी बऱ्याच जगल्या, कारण त्यांत फिरणारं काही नसतं. जुन्या हार्ड डिस्कचं तसं नाही. त्यांना हवा आत-बाहेर होण्यासाठी एक बारीक भोक असतं, त्यातून गाळ आत जातो, आणि तशा अवस्थेत तबकडी फिरवली की वरचा थर खरवडून निघतो. एका फोटो स्टुडिओवाल्याची अशी डिस्क होती, त्यात लग्नसराईचं सगळं काम. ती त्याने सुरूच केली नाही. मुंबईत धूळमुक्त खोलीत डिस्क उघडणारे लोक असतात, त्यांच्याकडे पाठवायला लावली.

किती मशिन वाचली, असं मी विचारलं. "पाचातलं एक," तो म्हणाला आणि बोर्डाकडे बघितलं. अल्कोहोलने तीनदा धुऊनही वास जात नाही. सॉकेटच्या पोटात कुठेतरी गाळ असणार. चालतोय तोवर काढणार नाही म्हणाला.

इथला पाऊस हेच त्याच्या धंद्याचं खरं शिक्षण. जूनपासून चार महिने हवा ओली. रॅमच्या पिवळ्या पट्टीवर काळपट थर येतो, स्क्रू गंजतात, बोर्डावर हिरवं चढतं. पाली, मुंग्या, उंदीर ऊब शोधत येतात. कॉम्प्युटर बंद केला तरी भिंतीवरचं बटन चालू असेल तर एसएमपीएसमध्ये थोडी वीज खेळत राहते, तो कोमट असतो. पालीला तेवढं पुरतं. ती आत जाते, दोन टोकांना एकदम चिकटते, आणि तिच्याबरोबर मशिनही जातं. अशी मशिन वॉरंटीत बसत नाहीत, गंजलेलीही बसत नाहीत. म्हणून तो मागची रिकामी भोकं पत्र्याने बुजवतो, जाळी लावतो, आणि जाळीने हवा अडते म्हणून पुढे एक पंखा जास्तीचा देतो. आषाढ-श्रावणात रोज तासभर मशिन चालू ठेवा, काम असो-नसो, मग भिंतीवरचं बटन बंद करा, असं प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो. दूरच्या कारखान्यातून बंद खोक्यात येणाऱ्या मशिनला पाचाडचा पाऊस ठाऊक नसतो. याला ठाऊक आहे, आणि माझ्या मते लोक विकत घेतात ते हे ठाऊक असणं. बिलावर मात्र त्याचं नाव जुळणी, आणि दाम पंधराशे.

डिसेंबर २०२५ मध्ये तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो गप्प-गप्प होता. रॅमचे भाव भडकले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांना मेमरी हवी, त्यात कंपन्यांना पैसा जास्त, त्यामुळे घरगुती मशिनच्या वाट्याला माल कमी. मायक्रॉनने तर त्याच महिन्यात जाहीर केलं की साध्या गिऱ्हाइकांसाठीचा क्रुशल हा ब्रँड बंद करणार. त्याच्या खोक्यांच्या चळतीत क्रुशलची खोकी कितीतरी. सकाळी मुंबईला फोन करून विचारलेला भाव संध्याकाळी राहत नव्हता.

"शनिवारी कबूल केलं आणि सोमवारी माल घेतला, तर मधला फरक माझ्या खिशातून. आता सांगतो, ॲडव्हान्स द्या, मगच भाव पक्का."

त्या दिवशी ज्या घरी मशिन पोचवायचं होतं, त्यांना मात्र त्याने जुन्याच भावात दिलं. वाडीतलं घर. म्हातारी वर्षानुवर्षं गडावर ताक आणि लिंबू-सरबत विकते. नात महाडच्या लग्नाच्या शूटिंगवाल्यांची व्हिडिओ एडिटिंगची कामं घेते, आजवर उसन्या लॅपटॉपवर. किती सुटले, असं मी त्याला वाटेत विचारलं. उत्तर आलं नाही. पंधराशे तर नक्कीच नसणार.

घरी पोचल्यावर त्याने मशिन लावलं. "डिस्प्ले आला," नात पुटपुटली आणि तिने ओढणीने स्क्रीन पुसला, जो पुसायची गरज नव्हती. पण तो अजून खाली बसलेला. त्याने मीटरची एक सुई कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावली, दुसरी ओल्या जमिनीला. काटा नव्हता, आकडे होते: १०९. एकशेनऊ व्होल्ट, नव्या कोऱ्या मशिनच्या अंगावर.

"हात लावा, ताई. मरत नाय कोण."

लावला. बोटांतून बारीक मुंग्या चढल्या. गावोगाव लोक म्हणतात, आमच्या कॉम्प्युटरला बॉडीला करंट येतो. मला तो पार्टचा दोष वाटायचा. तसं नसतं. एसएमपीएसच्या तोंडाशी टिकलीएवढे दोन निळे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेला. विजेतली खरखर त्यांनी जमिनीत सोडायची असते. थ्री-पिनची वरची जाड पिन जमिनीला पोचतच नसेल, तर पत्रा दोघांच्या मधोमध लटकतो आणि २३० च्या निम्म्याच्या आसपास व्होल्ट त्यावर राहतात. माणसाला झिणझिण्या येतात; प्रिंटरची नाहीतर टीव्हीची वायर जोडताना पोर्ट उडतो. या घरात स्विचबोर्डाला अर्थिंगची वायर होती, ती भिंतीबाहेर येऊन नुसती लोंबत होती.

ती वायर जमिनीत पोचवायला खड्डा हवा होता. नातीच्या काकाने पहार घेतली. अंगणात हातभरावर कातळ लागला. मग न्हाणीच्या मागे, अळूच्या बाजूला, जिथे सांडपाणी मुरतं तिथे जमीन लागली. नळी उभी केली, भोवती कोळसा आणि खडे मीठ थरांनी घातलं, वायर आवळली, दोन बादल्या पाणी ओतलं. हे सगळं जुळणीपेक्षा दुप्पट वेळ चाललं. आत येऊन त्याने पुन्हा मीटर लावला. आकडा घसरत घसरत ३ वर आला आणि थांबला.

"आजी, उन्हाळ्यात या खड्ड्याला पाणी घालायचं बरं. सुकला की परत करंट येईल."

म्हातारीने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, मे महिन्यात आम्हाला हंडाभर मिळत नाय. टँकर आला तर आला. खड्ड्याला कुठलं घालू?"

तो जरा थांबला. "भांडी विसळलेलं चालेल."

मग म्हातारीने काकाला हाक मारली, आणि मागच्या दारी वर्षानुवर्षं पडलेला भांडी घासायचा दगड दोघांनी ओढत ओढत त्या खड्ड्याशी आणून ठेवला.